शरदातील शेवटची शिदोरी

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात सप्टेंबर सरू लागला म्हणजे बहुतेक रानफुलांचा बहर ओसरतो. त्याच सुमारास तेथील ओलसर कुरणांत न्यू इंग्लंड ॲस्टर ही बहुवर्षायू वनस्पती जांभळ्या फुलांनी डवरते. ती ३ ते ६ फूट उंच वाढते. आपल्या बाजारात येणारे ॲस्टर याहून निराळे. ते मूळचे चीनमधील व एकवर्षायू आहे. न्यू इंग्लंड ॲस्टरचे एक फूल म्हणजे वस्तुतः असंख्य लहान फुलांचा गुच्छ होय. मधल्या पिवळ्या चकतीतील फुलांत मकरंद व पराग असतात.

या मकरंदाचे मोल बंबलबी ह्या केसाळ मधमाशीच्या जीवनक्रमावरून कळते. हिवाळ्यापूर्वी तिच्या वसाहतीतील जुनी राणी, कामकरी माश्या व नर मरून जातात. नव्या राण्या तेवढ्या जमिनीत दडून हिवाळा काढतात. त्यासाठी त्यांना आधी अंगी चरबी साठवावी लागते. शरदात फुलेच मिळाली नाहीत, तर वसंतात नवी वसाहत वसविणार कोण? मेक्सिकोकडे निघालेली मोनार्क फुलपाखरेही वाटेत या फुलांवर उतरतात.

लागवड सोपी आहे. जागा उन्हाची व ओल धरणारी असावी. बी शरदाच्या अखेरीस उघड्यावर पेरावे. हिवाळ्यातील थंडी व ओल मिळाल्यावर ते वसंतात रुजते. जूनच्या आरंभी शेंडे खुडल्यास झाड डेरेदार होते. फुले सुकल्यावर मात्र भोवतालची जमीन वसंतापर्यंत खणू नये. तिच्या पोटात एखादी राणी निद्रिस्त असण्याचा संभव असतो.