जेवणाआधीचा पेला आणि मोहाचे फूल

फ्रान्सच्या पश्चिम भागात शारांत नावाची नदी आहे. तिच्या आसमंतातील द्राक्षमळ्यांत एक गोड मद्य तयार होते. त्याचे नाव ‘पिनो दे शारांत’. पाहुणे दिवाणखान्यात बसले की जेवणापूर्वी ते थंडगार करून छोट्या पेल्यातून देतात. का, तर भूक लागावी म्हणून! आपल्याकडे या कामी आल्याचा तुकडा आणि सैंधव पुरते, आणि ते स्वस्तही पडते.

कृती मात्र मोठी चतुर आहे. द्राक्षांच्या ताज्या रसात, तो आंबण्यापूर्वीच, कोन्याक ही ब्रँडी ओततात. तिच्या जोरापुढे आंबवणारे जंतू हतबल होतात आणि साखर रसातच राहते. मग तो लाकडी पिंपात मुरू द्यायचा. १५८९ साली कुणा मळेवाल्याने ब्रँडी असलेल्या पिंपात नजरचुकीने रस ओतला आणि हे पेय जन्मास आले, अशी दंतकथा तिकडे सांगतात. १९४५ पासून या नावाला तिथल्या कायद्याचे संरक्षण आहे.

हे सारे वाचताना मला भंडारा जिल्हा आठवत होता! साकोलीच्या बाजूला उन्हाळा लागता लागता मोह फुलतो. पहाटे झाडाखाली मोत्यांसारखी टपोरी, मांसल फुले पडलेली असतात. मी एक तोंडात टाकून पाहिले. गोडी विलक्षण, वास जरा उग्र. अस्वलांना हा मेवा फार प्रिय, म्हणून वेचणारी मंडळी घोळक्यानेच जातात. वाळलेल्या फुलात साखरेचा वाटा फार मोठा असतो. त्याच्या पुऱ्या होतात, लाडू होतात. दारूही होते, पण ती करताना साखर पुरती आंबू देतात आणि मग ऊर्ध्वपातन करतात, त्यामुळे फुलाची गोडी तिच्यात उरत नाही. गोंड समाजात तिचा मान देवकार्यापासून अंत्यविधीपर्यंत आहे.

वाचकांना आश्चर्य वाटेल, पण या दोन कथांची एकदा गाठही पडली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उजाड केले, त्या काळात हिंदुस्थानातून वाळलेली मोहफुले मद्यासाठी फ्रान्सला जात होती. परदेशी जहाजावर चढलेले हेच फूल घरी मात्र संशयित ठरले. ठाणे-कुलाब्याकडील मोहफुलांवर बंधने घालण्यासाठी मुंबई सरकारने १८९२ मध्ये खास कायदाच केला. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर नियंत्रण आले. दारू गाळणाऱ्याला आवरावे हे मला मान्य आहे. पण फूल वेचणाऱ्या बाईने टोपली लपवत का फिरावे?

साकोलीजवळच्या एका आजींना मी विचारले, “एवढी फुलं विकता कधी?”

“चैतातच इकतो, बाबू,” त्या म्हणाल्या. “घरात ठेवाची भेव वाटे. मंग पाण्यापावसात थोच मोहा दुप्पट पैसे देऊन इकत घ्याचा.”

मीठमिरचीचा खर्च त्यावरच, हेही त्यांनी सांगितले. २०२१ साली राज्य सरकारने मोहफुले वेचणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध उठवले. दारू गाळण्यास परवाना लागतो तो लागतोच. आजींच्या ओसरीवर आता फुलांनी भरलेली एक कणगी उघड्यावर उभी आहे, आणि ती पोळ्याआधी फोडायची नाही असे त्यांनी सुनेला बजावले आहे.