मागच्या खोलीपर्यंत

हल्ली घर पाहावयास येणारी मंडळी स्वयंपाकघराचा ओटा, पाण्याची वेळ आणि देवघराची दिशा यांची कसून चौकशी करतात. पण दारातून आत येताच चपलांच्या कपाटावर दोन-चार शिंगे उगारून बसलेल्या काळ्या पेटीकडे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक आज घरातल्या प्रत्येकाचे तिच्यावाचून अडते. मुलांचा अभ्यास, मोठ्यांचे ऑफिस, विजेचे बिल, वाण्याची यादी, परदेशी गेलेल्या लेकीचे तोंड दिसणे, हे सारे तिच्या हाती. अशा वस्तूची जागा घरात कोण ठरवतो? तर जोडणी द्यायला आलेला माणूस. त्याला पुढच्या घरी जायची घाई असते. तार जिथून आत आली तिथेच तो दोन खिळे ठोकतो, सही घेतो आणि जिना उतरतो. पुढे वर्षानुवर्षे सगळे बिऱ्हाड त्या दोन खिळ्यांच्या तंत्राने राहते.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी कॉलेजात मराठी शिकवते. अधिकार एवढाच, की गेल्या पावसाळ्यात आमच्या घरची पेटी मी निवडली, आणली आणि बसवली. आणि शब्दांच्या धंद्यातली असल्यामुळे खोक्यावर छापलेला शब्दन् शब्द वाचून काढला. ‘राउटर’ला मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने मला विचारला होता. मी म्हटले, ‘वाटाड्या’. बाहेरून आलेला मजकूर कोणत्या खोलीतल्या कोणत्या फोनकडे जायचा, याची वाट तो दाखवतो. ‘वायफाय’ या शब्दाचा मात्र अर्थ शोधू नये. १९९९ साली तो व्यापारासाठी मुद्दाम घडवलेला शब्द आहे; त्याच्या पोटात काही लपलेले नाही.

भिंतीपलीकडे बिनतारी निरोप पोचवण्याची विद्या आपल्याला परकी नाही. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी मधल्या भिंती ओलांडून जाणाऱ्या लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली होती. पुढे रेडिओ आला. तो नुसता ऐकायचा तरी पोस्टातून परवाना काढावा लागे. आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही टेलिफोनच्या तारेतून, किरकिर करीत. घरातला वायफाय ज्या लहरींवर चालतो त्यांपैकी २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा सरकारने २००५ साली परवान्यातून मोकळा केला, म्हणून आज ही पेटी आपण वाण्याकडून साबण आणावा तशी आणतो.

पण भिंत ओलांडणे आणि चार भिंती ओलांडणे यांत फरक आहे.

आमचे घर पुण्यात एका जुन्या इमारतीत आहे. चार खोल्या एकापुढे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या, आणि मधल्या भिंती जुन्या जाड विटांच्या. पेटी इंजिनाजवळ, म्हणजे दारापाशी. आणि माझे सासरे, आप्पा, शेवटच्या डब्यात. वय ८१. त्यांची लेक, माझी नणंद, मेलबर्नला असते. दर रविवारी दुपारी ती आप्पांना फोन करी. वर्षभरात हे फोन हळूहळू आखूड होत गेले. तोंड दिसे, मग थिजे. आवाज येई, मग मध्येच गिळला जाई. आप्पा ‘हो हो’, ‘बरं बरं’ म्हणत आणि फोन खाली ठेवीत. शेवटी एके दिवशी मला म्हणाले, “सूनबाई, माझे कान गेले आता. तिला सांग, रविवारचा फोन तुमच्याकडेच करत जा.” आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी तपासून श्रवणयंत्राचा आवाज थोडा वाढवून दिला. फोन मात्र आखूडच राहिले.

जुलैत त्यांच्या खोलीचे छत गळू लागले, म्हणून त्यांचा पलंग पुढच्या खोलीत आणला. त्या रविवारी आप्पा पाऊण तास बोलले. नातवाने पेटीवर वाजवलेला भूप त्यांनी अखेरपर्यंत ऐकला आणि एक सूर चुकल्याचेही त्याला सांगितले. फोन ठेवून म्हणाले, “आज तिच्याकडची लाइन चांगली होती.” माझी बारावीतली मुलगी भिंतीवरच्या पेटीकडे पाहत होती. “आजोबा, लाइन तिकडची नाही, आपल्याकडची,” ती म्हणाली.

असे का व्हावे? त्याच खोलीत कीर्तनाचे व्हिडिओ तर चालत. कारण असे, की व्हिडिओ थोडा आधीच साठवून ठेवता येतो. मध्ये काही मजकूर गळाला तर तो पुन्हा मागवला जातो, तोवर साठ्यावर भागते. समोरच्या माणसाचे बोलणे कसे साठवणार? उशिरा पोचलेला शब्द वायाच जातो. तेव्हा ‘आमच्याकडे सिनेमे दिसतात, म्हणजे वायफाय उत्तम आहे’ हा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. समोरासमोर बोलून पाहावे, तेही सर्वांत मागच्या खोलीत बसून.

आम्ही तेच केले. फोनवर एक फुकटचे ॲप घेतले, ते लहरीचा जोर मोजते. आकडे शून्याखालचे असतात, म्हणून प्रथम घोळ होतो: उणे ४५ म्हणजे लहर सशक्त, उणे ६७ पर्यंत बोलणे नीट होते, उणे ८० म्हणजे तिने मान टाकली. ह्यांनी कागदावर घराचा नकाशा काढला आणि मुलगी फोन घेऊन खोलीखोलीतून फिरली. पुढच्या खोलीत उणे ४३, आप्पांच्या उशाशी उणे ८३. वाटेत एक मौज कळली. तिसऱ्या खोलीतल्या आरशाच्या लोखंडी कपाटामागे आकडा एकदम कोसळत होता. लोखंडावरून आणि आरशाच्या मुलाम्यावरून लहर माघारी फिरते, पाणी तिला पिऊन टाकते. आमच्याकडे मासे नाहीत. पण ज्यांच्याकडे काचेची मोठी पेटी आहे त्यांनी राउटर तिच्यामागे ठेवू नये. पावसाळ्यात ओल धरलेली भिंतही काही मदत करीत नाही.

यानंतर आम्ही दुकानात गेलो. तेथील गृहस्थांनी आमचा नकाशा पाहिला नाही, सहा शिंगांची एक पेटी पुढे केली व म्हणाले, “ही घ्या, बाराशेची आहे.” किंमत नव्हे, वेग! खोक्यावर ‘एसी १२००’ असे होते. त्याची फोड अशी: २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर जास्तीत जास्त ३००, ५ च्या पट्ट्यावर ८६७. बेरीज ११६७, ती उदार हाताने १२०० केलेली. तुमचा फोन एका वेळी यांपैकी एकाच पट्ट्यावर बोलतो, त्यामुळे ही बेरीज त्याला कधीच मिळत नाही. शिवाय मागे तारेची जी भोके होती ती १०० एमबीपीएसची. बाहेरून २०० चे इंटरनेट घेऊन या पेटीला जोडले, तर शंभराच्याही थोडे आतच मिळायचे. रुंद नळाला बारीक तोटी लावण्याचाच हा प्रकार. शिंगांच्या संख्येवर तर मुळीच जाऊ नये. बैलाची किंमत शिंगांवरून कोणी करीत नाही.

मी मागितल्या त्या तीनच गोष्टी. दोन्ही पट्टे असावेत, मागची भोके गिगाबिट असावीत आणि ‘वायफाय ६’ असावे. हे सहावे पर्व पाचव्याहून वेगवान आहेच. पण त्याचा खरा गुण असा, की घरात दहा-बारा फोन, दिवे, टीव्ही एकदम मागण्या करू लागले तरी ते रांग न लावता प्रत्येकाला थोडे थोडे वाढत जाते. पंक्तीत वाढणारे हात वाढावेत तसे. ‘वायफाय ७’ ही बाजारात आहे. ते कळणारे फोन घरात येईपर्यंत त्याचे पैसे राखून ठेवावेत. आणखी एक खुलासा: १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट नव्हे, १०० मेगाबिट, आठाने भागले की साडेबारा मेगाबाइट उरतात. समोरासमोरच्या एका फोनला तीन-चार एमबीपीएस पुरतात. म्हणजे आप्पांना वेग कमी पडत नव्हता, तो त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. कंपनीच्या बाई फोनवरून ‘मोठा प्लॅन घ्या’ असे दोनदा म्हणाल्या. तो घेतला असता तर पुढची खोली अधिक श्रीमंत झाली असती, इतकेच.

आता जागा. जुन्या घरांत लामणदिवा मधल्या खणाला टांगत, कपाटात कोणी ठेवीत नसे. या पेटीचेही तसेच आहे: घराच्या मध्यावर, उंच, उघड्यावर. २.४ ची लहर लांबीला सुमारे १२ सेंटिमीटर, ती भिंती बऱ्या ओलांडते पण वेगाने कमी, आणि सगळ्या इमारतीची त्याच पट्ट्यावर गर्दी. मायक्रोवेव्ह भट्टीही तेथेच गुणगुणते. ५ ची लहर पाच-सहा सेंटिमीटरची. ती वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर थकते. म्हणून मध्यावर ठेवायचे, म्हणजे कोणत्याच खोलीला दोनाहून अधिक भिंती पडत नाहीत. शिंगे उभी ठेवावीत. उभ्या दांडीच्या लहरी चहूकडे आडव्या पसरतात. वरचा मजला आपलाच असेल तर एखादे आडवे करावे.

फायबरची तार काचेची. ती घरच्या घरी लांबवता येत नाही, आणि काटकोनात दुमडली तर निकामी होते. म्हणून कंपनीची पेटी आम्ही दाराशीच राहू दिली. तिच्यापासून मधल्या बोळातल्या माळ्याखाली साधी कॅट ६ केबल नेली. ही तांब्याची तार १०० मीटरपर्यंत तक्रार करीत नाही. आम्हाला १४ मीटर पुरली. नवा राउटर तेथे टांगला. ह्यांना पांढऱ्या भिंतीवरची केबल खुपत होती, तिला रंगवलेल्या पट्टीत झाकले. हे काम टाळण्यासाठी ‘रिपीटर’ घ्या, असा सल्ला अनेक जण देतात. भिंतीच्या प्लगला लावायची ही स्वस्त डबी ऐकते आणि तेच पुन्हा ओरडून सांगते. ऐकणे-सांगणे एकाच लहरीवर असेल तर वेग साधारण निम्मा होतो. आणि जिथे लहर आधीच मेलेली तिथे ती लावली, तर ती तरी काय ऐकणार? बंगल्यासारख्या मोठ्या घरात दोन-तीन पेट्यांचे ‘मेश’ उत्तम, पण तेथेही त्या तारेने जोडता आल्या तर सोने. आपल्या दोन-तीन खोल्यांना एकच पेटी, योग्य जागी, पुरते.

एका घरात दोन वाटाडे नकोत. कंपनीची पेटीही वाट दाखवणार आणि नवीही दाखवणार, मग अधूनमधून अकारण गोंधळ होतो. कंपनीला सांगून त्यांची पेटी ‘ब्रिज’ करून घ्यावी, म्हणजे ती नुसती दार उघडते आणि पुढचे आपला राउटर पाहतो. त्यासाठी आपले जोडणीचे नाव व परवलीचा शब्द कंपनीकडून लिहूनच मागावा. आम्हाला तो तिसऱ्या फोनला मिळाला.

पेटी सुरू झाली की पहिल्या तासात करायची कामे आहेत, ती उद्यावर टाकू नयेत. राउटरच्या स्वतःच्या पानावर शिरण्याचा शब्द कारखान्यातून येतो तो बदलावा. अनेक पेट्यांना तो ‘ॲडमिन’ असाच असतो, आणि ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. सुरक्षिततेच्या खणात डब्ल्यूपीए ३ निवडावे, जुने फोन अडले तर डब्ल्यूपीए २. डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद करावी. नवे सॉफ्टवेअर आपोआप भरून घेण्याची खूण करावी. वायफायच्या नावात आडनाव व फ्लॅटचा क्रमांक घालू नये. आमच्या जिन्यात उभे राहिले तर तीन मजल्यांची वंशावळ वाचता येते. शब्द मात्र लांब असावा. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत एकापुढे एक लिहिले, की मुलांनाही पाठ राहतात आणि चोराला सापडत नाहीत.

पाहुण्यांचा प्रश्न नाजूक आहे. पूर्वी आलेल्याला गूळपाणी देत. आता पाणी येण्याआधीच ‘वायफायचा शब्द काय हो?’ असे विचारले जाते, आणि नाही म्हणणे शिष्टाचारात बसत नाही. राउटरमध्ये ‘गेस्ट’ नावाची वेगळी जोडणी असते. ती घराची ओसरी समजावी. ओसरीवर कोणीही बसावे, इंटरनेट घ्यावे. माजघरातला संगणक व कागदपत्रे त्यांना दिसत नाहीत. आम्ही दारातला कॅमेरा आणि परस्पर बोलणारे दिवेही ओसरीवरच बसवले आहेत. हे दिवे बहुधा २.४ च्याच पट्ट्यावर बोलतात. ते जुळत नसतील तर पट्टा तपासावा, दिवा बदलून आणू नये.

वीज गेली की काय? फायबर जिवंत असते, पण दोन्ही पेट्या मरतात. त्यांच्यासाठी लहानशी बॅटरीची डबी मिळते. घेण्यापूर्वी दोन्हींच्या अडॅप्टरवर व्होल्ट व ॲम्पिअर वाचावेत, बहुतेकांना १२ व्होल्ट लागतात. एकट्या राउटरला डबी लावून उपयोग नाही. दाराशी असलेल्या पेटीलाही हवी. त्या पेटीवर ‘लॉस’ असे लिहिलेला लाल दिवा लागला, तर दोष बाहेरच्या तारेत आहे. घरात काही उपटाउपटी न करता सरळ कंपनीला कळवावे.

आप्पांचे छत दसऱ्याआधी दुरुस्त झाले व ते आपल्या खोलीत गेले. आता उशाशी उणे ६१ आहे. रविवारी दुपारी तिकडून पेटीचे सूर येतात. श्रवणयंत्राचा आवाज त्यांनी डॉक्टरांकडे जाऊन पूर्ववत कमी करून घेतला. म्हणाले, भांड्यांचा फार गोंगाट होत होता.

राहता राहिली जुनी पेटी. ती चालू असेल आणि पुढे-मागे गॅलरीत वा वरच्या मजल्यावर लहर हवी असेल, तर ‘ॲक्सेस पॉइंट’ करून तारेने जोडता येते. नको असेल तर भंगारात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी. देण्यापूर्वी ती विजेला जोडून मागचे बारीक भोक शोधावे, त्यात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून धरावी आणि सगळे दिवे एकदा विझून पुन्हा लागेपर्यंत वाट पाहावी, म्हणजे आपला परवलीचा शब्द तिच्या पोटात उरत नाही.