भाल्यावरचा तराजू

शिवराज्याभिषेकाचं दुपानी चित्र मुलांच्या पुस्तकासाठी काढायला घेतलं की आधी शिवणीचा विचार करावा लागतो. महाराजांना मधोमध बसवलं तर चेहरा पुस्तकाच्या घडीत जातो. म्हणून सिंहासन मी डाव्या पानावर घेते आणि उजवं पान दरबारासाठी ठेवते.

चिन्हं मात्र मनानं काढायची नसतात. ६ जून १६७४ च्या त्या सोहळ्याला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन रायगडावर हजर होता. त्यानं लिहून ठेवलेलं वर्णन कच्चं रेखाटन करताना माझ्यासमोर असतं. युवराज संभाजीराजे, मोरोपंत पेशवे आणि एक थोर ब्राह्मण सिंहासनाखालच्या चौथऱ्यावर बसलेले, बाकी सगळे अदबीनं उभे. सिंहासनाच्या दोन्ही अंगांना सोनेरी मुलाम्याचे भाले. उजवीकडे भाल्यांवर मोठ्या दातांच्या माशांची दोन सोन्याची मुंडकी, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका मौल्यवान भाल्याच्या टोकाला सोन्याचा तराजू. माशात काहीजण समुद्रावरची सत्ता पाहतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मासा आणि घोड्याची शेपटी ही बादशाही दरबारांतली अधिकाराची मानचिन्हं. ती आपल्या सिंहासनाशेजारी उभी करणारा राजा कुणाचा मनसबदार नाही, हे पाहणाऱ्याला लगेच कळावं.

सगळ्यात जास्त वेळ तराजू घेतो. ऑक्झेंडेननं तो समतोल असल्याचं आणि न्यायाचं चिन्ह असल्याचं आवर्जून नोंदवलं आहे. त्यामुळे दांडी पट्टी लावूनच आखायची. पारडं केसभर खाली आलं तरी अर्थ बिघडतो, आणि मुलांच्या नजरेतून ते सुटत नाही. सोनेरी शाई मी वापरत नाही, कारण चाररंगी छपाईत ती मातकट उतरते. त्याऐवजी यलो ऑकरचा हात, सावलीला बर्न्ट सिएना, आणि पारड्याच्या काठावर कागद कोरा सोडायचा. छापल्यावर चमकतो तो हा कोरा कागदच.

राज्याभिषेकाच्या बहुतेक चित्रांत छत्र, चवऱ्या, तलवार असतात, तराजू गाळलेला असतो. जागा नाही ही सबब मला पटत नाही. एक चवरी कमी करा, मागचे चार सरदार कमी करा, पण डोळ्यांनी पाहून कुणी न्यायाचं चिन्ह म्हणून नोंदवलेली वस्तू वगळू नका. मुलांसाठी असं पुस्तक घ्याल तेव्हा सिंहासनाशेजारी तराजू आहे का, ते आधी बघा. नसेल तर प्रकाशकाला जरूर कळवा.