बेकनट्री : लंडनच्या पूर्वेची अवाढव्य वसाहत

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना चांगली घरं द्यायची, म्हणून १९१९ चा गृहनिर्माण कायदा आला आणि लंडन काउंटी कौन्सिलने डॅगनमच्या शेतजमिनीवर बेकनट्री वसवायला घेतली. १९२१ ते १९३५ या काळात जवळपास २६ हजार घरं! ईस्ट एंडच्या कोंदट खोल्यांतून आलेल्यांना इथे घरातच संडास, मागेपुढे बाग. मात्र कुंपणाची झुडपं भाडेकरूने नीट छाटलेलीच हवीत, असा दंडक होता. घरं आधी उभी राहिली, नोकऱ्या मागाहून आल्या. फोर्डचा कारखाना १९३१ मध्ये सुरू झाला. बॅन्जोच्या आकाराच्या बंद गल्ल्या नकाशावर जरूर शोधा. आणि गेलात तर व्हॅलेन्स हाउस चुकवू नका. वसाहतीहून कितीतरी जुना वाडा, खंदकाचा तुकडा अजून शाबूत आणि आत स्थानिक इतिहासाचं सुरेख संग्रहालय.