सुधारणेनंतरचा बिघाड

संगणकातील कार्यप्रणाली आणि तिला जोडलेल्या आज्ञावली यांत वेळोवेळी सुधारणा कराव्या लागतात. क्वचित ती सुधारणाच बिघाडाला कारण होते.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या संरक्षक आज्ञावलीसाठी एक नवी फाइल पाठविली. तीत दोष होता. ही आज्ञावली विंडोज कार्यप्रणालीच्या गाभ्यात काम करीत असल्याने जगभर सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने खोळंबली, भारतात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

कंपनीने दीड तासाच्या आतच दुरुस्ती केली. परंतु जो संगणक सुरूच होत नाही, त्याच्यापर्यंत ती पोचावी कशी? तेव्हा तंत्रज्ञांनी असे संगणक एकेक करून ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे केवळ अत्यावश्यक भागांनिशी, सुरू केले, सदोष फाइल काढून टाकली आणि संगणक पुन्हा नेहमीप्रमाणे चालू केले.

बिघाड शोधण्याची रीत हीच होय. शेवटचा बदल कोणता झाला, हे प्रथम पाहावे; अनावश्यक भाग दूर ठेवून संगणक चालतो का, ते तपासावे आणि एका वेळी एकच उपाय करावा. मात्र आपल्या कामाची प्रत सुधारणेपूर्वीच अन्यत्र जपून ठेवावी.