वारशाचे कागद, लेखांक ६ : खोली क्रमांक ७ आता कुठे आहे?

मागच्या लेखांकात मृत्युपत्र कसं करायचं ते पाहिलं. दोन साक्षीदार, सही, हवी तर नोंदणी, एवढं उरकलं की माणूस निर्धास्त होतो आणि पाकीट कपाटात जातं. पण मृत्युपत्र अमलात येतं मृत्यूनंतर, आणि त्यातली नावं-पत्ते मात्र लिहिल्या दिवसाचे. मधल्या काळात लग्नं होतात, मोडतात, इमारतीही पडतात. समजा, ‘दुसऱ्या मजल्यावरची खोली क्रमांक ७ धाकट्या मुलीला’ असं कुणी २००४ साली लिहिलं. पुढे चाळ पुनर्विकासाला गेली, बाराव्या मजल्यावर १२०३ क्रमांकाचा फ्लॅट मिळाला, खोली क्रमांक ७ जगात उरलीच नाही. १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा सांगतो, की नेमकी नोंदवून दिलेली वस्तू मृत्यूच्या वेळी मालकीची नसेल किंवा तिचं रूपच पालटलं असेल, तर ते देणं बाद. नवा फ्लॅट म्हणजे जुनीच खोली की वेगळी वस्तू, यावर भावंडांना वर्षानुवर्षं भांडता येतं. ‘किंवा तिच्या बदल्यात मिळणारी जागा’ हे पाच शब्द वेळेत घातले असते तर वादाला जागाच उरली नसती.

परिस्थिती बदलली की कायदा आपोआप सांभाळून घेईल, हा भरवसा फोल आहे. लग्न झालं की ख्रिश्चन किंवा पारशी व्यक्तीचं आधीचं मृत्युपत्र रद्द ठरतं, हिंदूंचं ठरत नाही. घटस्फोटाने मृत्युपत्र रद्द होतं असं तर हा कायदा म्हणतच नाही. उलट भविष्य निर्वाह निधीत लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर अवैध. म्हणजे एकाच हिंदू नवरदेवाचा पीएफचा कागद मांडवातच निकालात निघतो आणि मृत्युपत्र जसंच्या तसं जिवंत राहतं!

त्यात नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत अजून घरोघर आहे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांचं मृत्युपत्र जून २०११चं, ते गेले ऑगस्ट २०१३ मध्ये. गुंतवणुकीवर नॉमिनी म्हणून ज्यांची नावं होती ते मालक की नुसते सांभाळणारे, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल आला : नॉमिनेशन हा वारसाहक्काचा वेगळा मार्ग नव्हे. त्यामुळे मृत्युपत्र बदलताना बँक, डीमॅट, सोसायटी इथली नावंही त्याच आठवड्यात जुळवून घ्यावीत. १ नोव्हेंबर २०२५पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात. सोय चांगली, पण शिळी होऊ शकणारी नावंही चार.

यावर आक्षेप येतो, की मृत्युपत्र सारखं बदललं तर संशयाला वाव मिळतो. आक्षेप पोकळ नाही. संशयास्पद परिस्थितीचा खुलासा मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली सांगून ठेवलंय. पण संशय खरा वाढतो तो ठिगळांनी. जावयाचं नाव पेनाने खोडून शेजारी नातवाचं लिहिलं, तर साक्षीदारांच्या सह्यांशिवाय ती खाडाखोड बिनकामाची. त्यापेक्षा आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द केल्याचा उल्लेख करून, बदलाचं कारण दोन ओळींत देऊन, संपूर्ण नवा कागद करावा. जुना नोंदवलेला असला तरी नवा, बिननोंदणीचाही, चालतो.

दुसरा आक्षेप अधिक आळशी : वारस तर कायद्याने ठरलेलेच आहेत, मग लिहायचं कशाला? सर्वोच्च न्यायालयापुढे २००९ साली आलेलं एक प्रकरण पाहा. लग्नानंतर काही महिन्यांत एका बाईचा नवरा गेला, सासरच्यांनी हाकलून दिलं, माहेरी शिकून ती नोकरीला लागली आणि मृत्युपत्र न करताच वारली. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे निपुत्रिक विधवेच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क. आई हयात होती. पैसे मिळाले नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना.