घराबाहेरची पंगत

अन्न विकत घेऊन खाणें हें आपल्याकडे फार दिवस कमीपणाचें मानलें जात असे. ज्यास घर नाहीं, अथवा ज्याच्या घरीं रांधणारें कोणी नाहीं, त्यानें खाणावळीची पायरी चढावी; भरल्या घरांतील माणसांस तेथें जाण्याचें कारण काय, असा आपल्या वडीलधाऱ्यांचा रोकडा सवाल असे. आतां तो सवाल कोणी करीत नाहीं. महिन्यांतून एकदां तरी सहकुटुंब बाहेर जेवून येण्याची रीत बहुतेक घरांतून पडून गेली आहे. रीत पडली खरी. परंतु त्या जेवणांतून आपण घरीं काय घेऊन येतों, याचा विचार आपल्या हातून क्वचितच होतो. गेल्या श्रावणांत आम्हांस तो करावा लागला. त्याचीच हकीकत आमच्या वाचकांस सांगावयाची आहे.

आमचें कुटुंब नऊ माणसांचें. वडील बंधु व वहिनी, त्यांचा मुलगा व सून, दोन नातवंडें, आम्हीं उभयतां, आणि या सर्वांवर वडिलांच्या धाकट्या भगिनी, आमच्या आत्याबाई. त्यांस चौऱ्याऐंशी वर्षें झालीं असून लग्नकार्यें सोडल्यास बाहेरच्या अन्नास त्यांनीं कधीं हात लाविलेला नाहीं. वहिनींस या श्रावणांत साठ वर्षें पूर्ण झालीं. ‘तुम्हांस काय हवें?’ असें सर्वांनीं विचारतां त्या म्हणाल्या, ‘मला गरम पोळी पानांत पडलेली हवी. शेवटची नव्हे, पहिली.’

वहिनींचें मागणें एवढेंच होतें, पण तें ऐकून दादांनीं मान खालीं घातली.

पुतण्यानें भ्रमणध्वनीवर शोध चालविला. हल्लीं उपाहारगृहाची कीर्ति तारकांनीं मोजतात. पांच तारकांपैकीं ज्यास साडेचार, तें उत्तम. त्या हिशेबानें निवडलेल्या एका नव्या उपाहारगृहांत आम्हीं आठजण गेलों. आत्याबाई घरींच राहिल्या. स्थळाचें नांव येथें देत नाहीं. दिवे मंद, आसनें मऊ, भिंतींवर जुन्या वाड्यांचीं चित्रें, सर्व थाट होता. जेवण मात्र पाऊण तासानें आलें, तेंहि एकेक पदार्थ सुटासुटा. नातवंडें भुकेनें रडकुंडीस आलीं. भाज्यांचीं भांडीं मेजाच्या मधोमध ठेवून वाढपी निघून गेला. मग सवयीनें वहिनींनीं चमचा उचलला. मुलांस वाढलें, दादांस वाढलें, आम्हांस वाढलें. आपलें ताट वाढून त्या घांस घेतात तों रोटी थंड होऊन चामड्यासारखी झाली होती. साठाव्या वाढदिवशींहि त्यांच्या वांट्यास शेवटचीच आली.

पुढें देयक आलें. त्यांत शेंकडा दहा सेवाशुल्काचे लाविलेले. वाढण्याचें काम केलें वहिनींनीं आणि सेवेचे पैसे मागितले मालकांनीं, हें पाहून पुतण्याचा पारा चढला. तरी त्यानें बोलणें मर्यादेचेंच ठेविलें. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें कोणत्याहि उपाहारगृहास सेवाशुल्क आपण होऊन देयकांत घालतां येत नाहीं. ग्राहकानें आपखुशीनें दिलें तर गोष्ट वेगळी. दिल्ली उच्च न्यायालयानेंहि २८ मार्च २०२५ रोजीं त्या सूचना उचलून धरल्या. एवढें त्यानें शांतपणें सांगतांच ती रक्कम वगळण्यांत आली. आमच्या वाचकभगिनींनींहि हें ध्यानीं ठेवावें. वस्तु व सेवा कर सरकारचा आहे व साध्या उपाहारगृहांत तो शेंकडा पांच भरावाच लागतो. सेवाशुल्काची गोष्ट तशी नाहीं. न ऐकल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते.

पैसे वांचले, परंतु वहिनींची पोळी राहिलीच. घरीं परततांना दादा म्हणाले, ‘पुढच्या रविवारीं माटुंग्यास उडुप्याकडे जाऊं. आणि आत्याबाईंसहि नेऊं.’

आत्याबाईंनीं प्रथम एकच प्रश्न केला: ‘उडुप्याकडे रांधणारे आपल्यांतलेच ना?’

त्यांचा प्रश्न सर्वस्वीं अवास्तव नव्हता. कर्नाटकांत समुद्रकांठीं उडुपी येथें श्रीकृष्णाचें देवालय आहे. तेराव्या शतकांत मध्वाचार्यांनीं स्थापिलेल्या अष्टमठांकडे तेथील पूजेचा अधिकार पाळीपाळीनें दोन दोन वर्षें जातो. या देवालयांत येणाऱ्या भाविकांस जेवूं घालण्याची परंपरा फार जुनी. शेंकडों पानांचा स्वयंपाक सहज उलगडणारे आचारी त्या मुलुखांत पिढ्यान् पिढ्या तयार झाले, आणि त्यांत ब्राह्मणांचा भरणा मोठा होता. विसाव्या शतकांत त्या बाजूचे तरुण पोटासाठीं मद्रास, बंगळूर, मुंबई अशा शहरीं गेले, तेव्हां त्यांनीं हीच विद्या बरोबर नेली. मुंबईंत माटुंग्यास दाक्षिणात्यांची वस्ती दाट असल्यामुळें तेथें त्यांचा जम बसला. ए. रामा नायक यांचें उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग तेथेंच रेल्वेस्थानकाजवळ १९४२ सालीं निघालें. महायुद्धाचे ते दिवस. धान्याची टंचाई, आणि पुढच्याच वर्षीं मुंबईंत शिधावांटप सुरू झालें. अशा काळांत उघडलेलें हें भोजनगृह आज ऐशीं वर्षांनंतरहि केळीच्या पानावर जेवूं घालीत आहे.

हें सर्व आम्हीं सांगितलें. पण दादांनीं आत्याबाईंस निराळेंच उत्तर दिलें. ते म्हणाले, ‘आत्याबाई, रांधणाऱ्याचे हात धुतलेले असले म्हणजे झालें. आणि आपण तेथें सूनबाईसाठीं जायचें आहे.’ शेवटच्या वाक्यानें काम केलें. आत्याबाईंनीं धुवट लुगडें नेसून चपला घातल्या.

तेथें थाट कसलाच नव्हता. अगोदर पैसे भरून कूपन घ्यावयाचें, आपली पाळी येईपर्यंत बांकावर बसावयाचें, जागा रिकामी होईल तसें आंत जावयाचें. नऊ माणसांस एकत्र बसतां येईना. तिघांची एक, चौघांची दुसरी व दोघांची तिसरी अशी आमची फाटाफूट झाली. आत्याबाई व वहिनी एका मेजाशीं बसल्या. त्यांच्या समोर व शेजारीं अनोळखी माणसें. पान मांडलें, पाणी शिंपडलें, आणि वाढप्यांची फेरी सुरू झाली. कोशिंबीर, दोन भाज्या, पापड, रसम, सांबार. आणि मग फुगलेली पुरी, अशी गरम कीं बोट लावतांच वाफ निघावी. ती पहिली पुरी वहिनींच्या पानांत पडली.

वहिनी लागलीच अर्धवट उठल्या. पलीकडल्या मेजाशीं बसलेल्या नातीस वाढलें कीं नाहीं, हें त्यांस पाहावयाचें होतें. तोंच वाढपी म्हणाला, ‘आई, तुम्ही बसा. वाढायला आम्ही आहोंत.’ त्या बसल्या. पुरीचा तुकडा मोडून त्यांनीं तोंडांत घातला व बराच वेळ कोणाशींहि बोलल्या नाहींत. त्यांचें पान मुळीं रिकामें राहूं दिलें गेलें नाहीं. मागण्याची वेळ येण्यापूर्वींच भात आला, ताक आलें.

आत्याबाईंच्या शेजारीं एक मध्यम वयाचे कामकरी गृहस्थ बसले होते. अंगांत कसल्याशा कंपनीचा गणवेष. आत्याबाईंचा हात पाण्याच्या भांड्यापर्यंत पोंचेना हें पाहून त्यांनीं तें पुढें सारलें. आत्याबाईंनीं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलें, मग पाणी घेतलें. त्यांनीं गृहस्थांस नांव-गांव विचारलें नाहीं. ज्यांनीं आम्हां सर्वांच्या लग्नांत व्याह्यांच्या तीन पिढ्यांची चौकशी केली, त्यांनीं विचारलें नाहीं, हें आम्हीं दुसऱ्या मेजावरून पाहत होतों. उठतांना स्वयंपाकघर पाहण्याची इच्छा त्यांनीं दर्शविली व त्यांस तें पाहूं देण्यांत आलें. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, ‘स्वच्छ आहे.’

त्या रात्रीं सर्व निजानीज झाल्यावर आत्याबाईंनीं आम्हांस हांक मारून जवळ बसविलें. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, बिऱ्हाड मुंबईस आणण्यापूर्वीं गिरगांवांतील एका खाणावळींत महिन्याच्या बोलीवर जेवीत असत. दारावर ‘ब्राह्मणांकरितां’ अशी पाटी होती. कचेरींतील एक सहकारी त्यांचे जिवलग स्नेही; रोज दोघे बोलत बोलत खाणावळीपर्यंत येत, आणि पाटीपाशीं आल्यावर ते स्नेही निरोप घेऊन वळत. असें चार वर्षें चाललें. आत्याबाई म्हणाल्या, ‘अण्णा म्हातारपणीं सांगत, ते पुढें कुठें जाऊन जेवत, हें मी एकदांहि विचारलें नाहीं रे. आज त्या माणसानें भांडें पुढें केलें, तेव्हां मला तें आठवलें.’

ती पाटी आपोआप उतरली नाहीं. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमानें धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणासहि सार्वजनिक उपाहारगृहांत प्रवेश नाकारण्यास मनाई केली; सतराव्यानें अस्पृश्यता नष्ट केली; आणि १९५५ च्या कायद्यानें असा मज्जाव करणाऱ्यास शिक्षा ठरविली. ज्या पाट्यांच्या आंत बसून आपले आजे-पणजे निश्चिंतपणें जेवले, त्यांच्या बाहेर कोणी उभा होता, ही गोष्ट आपल्या घरांतून सांगितली जात नाहीं. ती सांगितली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

आणखी एक गोष्ट याच पंगतींतली. मुंबईच्या गिरणगांवांत कामगारांस महिन्याच्या बोलीवर जेवूं घालणाऱ्या शेंकडों स्त्रिया होत्या. पहांटे उठून त्या वीस वीस माणसांचा स्वयंपाक करीत. वाण्याची उधारी व सावकाराचें व्याज यांतच त्यांची मिळकत जाई. प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं या खाणावळवाल्या स्त्रियांचें अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलें आणि त्यांस बँकेचें कर्ज मिळवून दिलें. रांधणाऱ्या हातांचा हिशेब कोणीं तरी मांडला, तेव्हांच त्या हातांत चार पैसे उरूं लागले. घरांतल्या रांधणाऱ्या हातांचा हिशेब मात्र अजून कोणी मांडलेला नाहीं.

बाहेर जेवावयास जाणाऱ्यांनीं परवान्याचा चौदा आंकडी क्रमांक दर्शनीं लाविला आहे कीं नाहीं तें पाहावें, देयक वाचावें, वाढप्याशीं अरेतुरे करूं नये, आणि अभिप्राय लिहावयाचा तर खरा लिहावा. हें सर्व योग्यच. पण तारकांत न मोजली जाणारीं दोन मापें आम्हीं त्या रविवारीं शिकलों: येथें आपल्या शेजारीं कोणीहि बसूं शकतो काय, आणि घरीं जी रोज वाढते तिला येथें कोणी वाढतें काय?

दादांनीं त्यानंतर घरांत एक नियम घालून दिला आहे. रविवारीं सकाळीं वहिनी व सूनबाई पहिल्या पंगतीस बसतात. पोळ्या पुतण्या लाटतो, आम्हीं भाजतों. त्या गोल होत नाहींत व क्वचित् करपतातहि. गेल्या रविवारीं आत्याबाईंनीं आपलें पान वहिनींच्या शेजारीं मांडावयास सांगितलें आणि तव्यावरची पहिली पोळी उचलून वहिनींच्या पानांत ठेविली.